पाण्याचे नियोजन आणि आदिवासींचा आवाज



पाणी म्हटले की आपल्यापुढे महाड उभे राहते. मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले ठराव संमत केला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पण ते कागदावर. प्रत्यक्ष पाण्याला हात लावण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या साथीने चवदार तळ्यावर जावे लागले. उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १७ मार्च १९३७ उजाडले.

आदिवासी बांधवांचा प्रश्न याच्या एक पाऊल पुढचा आहे. पाणी कोठे अडवायचे आणि कोणाला द्यायचे, हे ठरवताना त्यांना कोणी विचारते काय?

नर्मदेचे उदाहरण घ्या. १९६९ साली पाणी तंटा लवाद नेमला गेला. गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि राजस्थान ही राज्ये त्यापुढे पक्षकार होती. १९७९ च्या निवाड्याने पाण्याची वाटणी केली, सरदार सरोवराची उंची ठरवली. आपल्या राज्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची ३३ गावे बुडितात येणार होती. परंतु तेथील भिल्ल, पावरा माणूस पक्षकार नव्हता. जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान २ हेक्टर जमीन देण्याची तरतूद निवाड्यात होती. पण पिढ्यान्‌पिढ्या जंगलजमीन कसणाऱ्याच्या नावावर सातबारा कोठून असणार? सरकारदरबारी तो अतिक्रमणदार ठरला. आम्ही बँकेत नोकरी करतो. उतारा नसलेल्या माणसाचा अर्ज टेबलावरून पुढे सरकत नाही, हे आम्ही चांगले जाणतो.

लोकांनी संघर्ष केला. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने १९९२ मध्ये पुनर्वसनातील उणिवा दाखवल्या आणि १९९३ मध्ये बँकेचे कर्ज थांबले. धरण मात्र पुढे पूर्ण झाले.

यानंतर कायदे आले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायतीशी सल्लामसलत करणे बंधनकारक केले. लहान जलसाठ्यांचे नियोजन पंचायतीकडे दिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातील पाणवठ्यांवरील मासेमारीसारखे सामूहिक हक्क मान्य केले. २००७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात तर आदिवासींच्या पूर्वसंमतीचे तत्त्व आहे. पण मित्रहो, सल्ला विचारणे वेगळे आणि संमती घेणे वेगळे. शिवाय मोठी धरणे आणि नदीखोऱ्यांचे आराखडे लहान जलसाठ्यांत मोडत नाहीत. खरा निर्णय तेथेच होतो.

हा प्रश्न दूरचा समजू नका. आपले शहर जायकवाडीचे पाणी पिते. ती गोदावरी उगम पावते त्र्यंबकेश्वर तालुक्यात, महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या मुलखात. उन्हाळ्यात तेथील कित्येक पाड्यांवरच्या भगिनी हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतरतात. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडा, असे मराठवाडा हक्काने म्हणतो, आणि ते न्याय्यच आहे. परंतु उगमाजवळच्या पाड्यांची तहान त्या वादात कोण मांडतो? समन्यायी वाटप आपल्यापुरते मागणे म्हणजे न्याय नव्हे.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे. हे कायदे मराठीतून मुळापासून वाचा. आपल्याच मराठवाड्यात किनवटच्या पट्ट्यात अनुसूचित क्षेत्र आहे; तेथील ग्रामसभांना ठराव लिहायला, दावे भरायला, त्यांच्या नकला जपायला मदत करा. मात्र त्यांच्या वतीने आपण बोलू नये. त्यांना बोलण्याची जागा मिळावी, यासाठी झटावे. महाडला आपण दुसऱ्याकरवी पाणी मागवले नाही. स्वतः जाऊन ओंजळ भरली. नियोजनाच्या बैठकीतही ज्याचे पाणी, तोच बसला पाहिजे.

जयभीम.