बक्षिसी : केव्हा द्यावी, केव्हा देऊ नये

(सोलापूरजवळच्या एका गावी रात्रीच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपल्या वर्गातले एक काका बाजाराला सोलापूरला गेले होते. सकाळपासून पोटात काही नव्हते. एका खाणावळीत शिरले. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गरम आमटी. पोटभर जेवले. वाढणारा पोऱ्याही चांगला होता. न मागता कांदा आणून दिला. दोनदा आमटी वाढली. शेवटी बशीत बडीशेप आणि बिल आले. बिल १३० रुपयांचे. काकांनी १५० दिले. २० रुपये बशीतून परत आले. काका ते उचलणार, तोच शेजारी बसलेला पाहुणा म्हणाला, "राहू द्या की ओ. उचलले तर लोक काय म्हणतील?"

काकांनी हात मागे घेतला. पैसे बशीतच राहिले. पण घरी येईपर्यंत मनाला चुटपुट लागली. काल त्यांनी मला विचारले, "मास्तर, मी केलं ते बरोबर का चूक?"

मंडळी, प्रश्न २० रुपयांचा दिसतो. पण तो तेवढाच नाही. गावाबाहेर पाऊल टाकले की जागोजागी कोणी ना कोणी हात पुढे करतो. कोणी म्हणतो बक्षिसी, कोणी म्हणतो टीप, कोणी म्हणतो चहापाणी. दिवाळी आली की पोस्त मागतात. कोठे द्यावे? कोठे नाही म्हणावे? हे कळले नाही, तर आपण गरजवंताला देत नाही आणि लबाडाला देऊन बसतो.

म्हणून आज मी पैशाचे तीन प्रकार सांगतो. पहिला हक्काचा पैसा. दुसरा खुशीचा पैसा. तिसरा लाचेचा पैसा.

आधी हक्काचा पैसा पाहू. तुम्ही कांद्याच्या पिशव्या घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात जाता. हमाल पिशव्या उतरवतो. त्याची हमाली ठरलेली असते. तोलाई ठरलेली असते. पट्टीवर ती लिहिलेली असते. ही काही बक्षिसी नव्हे. तो त्याचा घामाचा पैसा आहे. हमालांना मजुरी नीट मिळावी, त्यांना संरक्षण असावे, म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. काही लोक मजुराच्या मजुरीतले दहा रुपये घासाघीस करून कापतात. मग त्याला पाच रुपये चहाला देतात आणि मोठेपणा मिरवतात. हे दान नव्हे. त्याचेच पैसे त्याला परत देणे आहे.

आपल्या जुन्या गावगाड्यात काय होते? बलुतेदार वर्षभर राबत. सुगीला खळ्यावर जाऊन धान्य घेत. कोणी पायली भरून देई, कोणी हात आखडता घेई. सर्वांत जास्त हाल महारांचे झाले. काम सरकारचे आणि गावाचे. पण पोट मात्र लोकांच्या मर्जीवर. दारोदार भाकरी मागावी लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल बिल मांडले. पुढे १९५८ साली कायदा होऊन अशी हलकी समजली जाणारी गावकामाची वतने रद्द झाली. यातून आपण एक गोष्ट शिकावी. कामाचा मोबदला ठरलेला असावा. तो देणाऱ्याच्या लहरीवर नसावा. मजुरी मिळाली तर माणूस ताठ उभा राहतो. मर्जीवर जगायचे झाले तर त्याची मान खाली जाते.

आपल्या सोलापुरातल्या गिरणी कामगारांच्या घरी विचारा. दिवाळीचा बोनस म्हणजे मालकाची मेहेरबानी, असे पूर्वी समजत. १९६५ साली बोनसचा कायदा झाला. मेहेरबानी होती, तिचा हक्क झाला.

परदेशातही हा प्रश्न आहे. अमेरिकेत हॉटेलात टीप ठेवावीच लागते, असे म्हटले तरी चालेल. कारण तिथल्या केंद्राच्या कायद्याप्रमाणे, टीप मिळणाऱ्या नोकराला मालकाने तासाला फक्त २ डॉलर १३ सेंट दिले तरी चालते. बाकीचे टीपेतून भरून निघावे, असा हिशेब आहे. हा आकडा १९९१ सालापासून बदललेला नाही. काही राज्ये जास्त देतात, पण सगळी नाही. म्हणजे पगार मालकाने द्यायचा, तो गिऱ्हाइकावर ढकलला. उलट जपानात टीप देण्याची रीत नाही. चांगले काम करणे हे कामातच आले, असे ते लोक मानतात.

आता दुसरा, खुशीचा पैसा. याची खूण सोपी आहे. काम झाल्यावर दिला जातो. न मागता दिला जातो. नाही दिला तरी काम तेवढेच चांगले होते. खाणावळीतला पोऱ्या, लॉजमध्ये खोली झाडणारी बाई, पावसात आपले सामान सांभाळून नेणारा रिक्षावाला. यांनी ठरल्यापेक्षा जास्त माया दाखवली, तर आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावे. दहा द्यावे, वीस द्यावे. मोठ्या हॉटेलात काही लोक बिलाच्या दहाव्या हिश्शाइतके ठेवतात. पण असा काही कायदा नाही. ऋण काढून सण करू नये, तशी उसनवारी करून बक्षिसी देऊ नये.

देताना हातात द्यावी. "छान वाढलंस बाळा," असे म्हणावे. फेकू नये. चार लोकांना दाखवू नये.

एक सावधगिरी सांगतो. काही हॉटेलांत बिलातच सर्व्हिस चार्ज म्हणून पैसे लावतात. बिल वाचा. तुम्ही आता वाचायला शिकलात ना? मग त्याचा उपयोग करा. ग्राहकांच्या हक्कांसाठी केंद्र सरकारचे प्राधिकरण आहे. त्याने जुलै २०२२ मध्ये सांगितले की असा चार्ज हॉटेलाने आपोआप लावू नये, त्याची सक्ती करू नये. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. तुम्ही म्हणू शकता, "हा चार्ज काढा."

गॅसच्या टाकीचेही तसेच. वितरकाच्या हद्दीत टाकी घरपोच देण्याचा खर्च बिलाच्या रकमेत धरलेला असतो. वर कोणी पैसे मागितले, तर बिल दाखवा आणि तेवढेच द्या. पण एखाद्या मुलाने म्हातारीची टाकी आपण होऊन चुलीपर्यंत नेऊन जोडून दिली, तर तिने खुशीने दहा रुपये द्यावेत किंवा चहा पाजावा. मागणे वेगळे, देणे वेगळे.

आता तिसरा प्रकार. यावर नीट लक्ष द्या.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे बाळंतपण होते. दवाखाना सरकारी होता. रात्रभर तिला कळा येत होत्या. पहाटे मुलगी झाली. आम्ही बाहेर बसलो होतो. एक कामगार बाळाला कापडात गुंडाळून दाराशी आला. पण बाळ हातात देईना. म्हणाला, "आधी खुशाली काढा." किती, म्हणून विचारले. तो म्हणाला, "मुलगा असता तर पाचशे घेतले असते. मुलगी हाय, दोनशेच द्या."

मंडळी, मी दोनशे रुपये काढून दिले. बाळ लवकर हातात यावे, एवढेच तेव्हा सुचले. पण ती गोष्ट आजही मनात सलते. तिला जगात येऊन तास झाला नव्हता, आणि तिची किंमत ठरली होती. तीही भावापेक्षा कमी. आणि ती किंमत मी मोजली.

त्याच रात्री एक परिचारिका भाचीजवळ बसून होती. पाठ चोळत होती, धीर देत होती. निघताना बहिणीने तिच्या हातात पन्नासाची नोट ठेवली. तिने ती परत केली. म्हणाली, "मावशी, मला पगार मिळतो. बाळाला डोस वेळेवर द्या, तेवढं पुरे."

एकाच छताखाली दोन माणसे होती. एकाने हात अडवून घेतले, एकीने हाती आलेले परत केले. पहिल्याला आम्ही खुशाली म्हणालो. पण ती खुशाली नव्हती, ती लाच होती.

सरकारी दवाखान्यातले बाळंतपण फुकट असते. केंद्र सरकारने २०११ सालापासून तशी योजनाच केली आहे. औषध, तपासणी, जेवण, गाडी यांचे पैसे लागत नाहीत. तलाठ्याकडचा उतारा, पंचायतीतला दाखला, निराधार बाईचे पेन्शन, ही कामे करणाऱ्याला सरकार पगार देते. तिथे ठरलेली फी भरा, पावती घ्या. त्यावर एक रुपयाही देऊ नका. २०१५ साली महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा झाला आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. दोषी ठरणाऱ्याला दंडही होतो.

लाचेचा कायदा १९८८ सालचा आहे. २०१८ साली त्यात बदल झाला. आता लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. पण कोणी सक्तीने घेतली, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास करणाऱ्या खात्याला कळवा, म्हणजे देणारा सुटतो. देण्याआधीच कळवले तर फारच चांगले. लाचलुचपत खात्याचा फोन नंबर १०६४ आहे. फोनला पैसे पडत नाहीत. वहीत लिहून घ्या.

मग ओळखायचे कसे? पैसे काढण्याआधी मनाला तीन प्रश्न विचारा. काम आधी झाले का, की पैशासाठी अडले आहे? मी आपण होऊन देतो का, की भीतीने? हे काम करायला याला सरकार पगार देते का? काम अडले असेल, भीती असेल, सरकारी पगार असेल, तर हात आवरा. काम झाले असेल, मन भरले असेल, समोर कष्टाचा माणूस असेल, तर हात मोकळा सोडा.

हे मी काल काकांना सांगत होतो, तेव्हा आपल्या वर्गातल्या एक मावशी ऐकत होत्या. त्या सोलापुरात एका लॉजमध्ये झाडलोट करतात. त्या म्हणाल्या, "गुरुजी, पैका दिला तर बरंच हाय. पण न्हाई दिला तरी चालंल. खोलीत पचापचा थुकू नका, आन् जाताना 'येतो बाई' म्हणा. तेवढं बी कुणी म्हणत न्हाई."

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. त्या पोऱ्याला २० रुपये मिळाले हे चांगलेच झाले. चूक एवढीच, की ते तुम्ही पाहुण्याच्या भीतीने ठेवले. पुढच्या खेपेला त्याच खाणावळीत जा. ऐपत असेल तर द्या, नसेल तर उचला. लाजू नका. पण त्या पोराला नाव विचारा, आणि त्याने चांगले वाढले हे गल्ल्यावरच्या मालकाला मोठ्याने सांगा.