मुलांचे दात आणि मोठ्यांचा शब्द



एरवी आम्ही बोलतो तेव्हा समोरच्या माणसाचे तोंड उघडे असते, त्यामुळे उलट उत्तर ऐकण्याची आम्हां दंतवैद्यांना सवय नाही. आज ती जोखीम पत्करली आहे.

मूल जेवत नसले की आपण म्हणतो, "थांब, डॉक्टरांना सुई टोचायला सांगते." पुढे त्याचीच दाढ ठणकते आणि आइस्क्रीमचे आमिष दाखवून त्याला आमच्या दारात आणले जाते. मग त्याने तोंड का उघडावे?

पण केवळ आईबापांना बोल लावून भागणार नाही. व्यवसायाच्या आरंभी एका पाच वर्षांच्या मुलीला आम्हीच सांगितले होते, "मुळीच दुखणार नाही." सुई टोचली, ती दुखली. ती रडली नाही. तिने आमच्याकडे नुसते पाहिले आणि ओठ मिटले. त्या दिवशी ते पुन्हा उघडले नाहीत. ती दाढ पुढे दुसरीकडे, पूर्ण भूल देऊन काढावी लागली, असे कळले.

१९५९ साली हॅरॉल्ड ॲडलस्टन या अमेरिकन दंतवैद्याने एक साधी रीत मांडली: आधी सांगा, मग दाखवा, मगच करा. आम्ही आरसा प्रथम मुलाच्या हाती देतो. दात घासण्याचे फिरते रबर त्याच्या नखावर फिरवतो. गुदगुल्या होतात, ते हसते. "हात वर केलास की थांबेन" असे सांगतो, आणि थांबतो. एकदा जरी थांबलो नाही, तरी तो करार मोडला. सुईच्या वेळी "थोडे चिमटल्यासारखे होईल, दहापर्यंत मोज" एवढेच म्हणतो.

"दुधाचे दात पडायचेच, त्यांचे काय एवढे?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण मागच्या दुधाच्या दाढांनी दहा-बारा वर्षांपर्यंत काम द्यायचे असते. म्हणून काही दुखत नसताना, पहिल्या वाढदिवसाच्या आत, मुलाला एकदा दाखवून न्यावे. एवढ्या लहान वयात खुर्ची लागतच नाही. मूल आईच्या मांडीवर, डोके आमच्या मांडीवर. रडले तर रडू द्यावे, दात आयते दिसतात!

मोठ्या मुलाला झोप झालेली असताना, पोटात काही घालून आणावे. आणि बाहेर पडताना "दुखले का रे?" असे विचारू नये. "डॉक्टरांनी किती दात मोजले?" असे विचारावे. बहुतेक मुले आकडा बिनचूक सांगतात.