आत शिरून, की बाहेरून विचारून?

(बडनेरा येथील मेळाव्यातील भाषण)

गुप्तचर खात्याच्या परीक्षेला बसणाऱ्या आपल्यातल्या एकीने विचारलं, "ताई, आत शिरून सरकारची गुपितं बाहेर काढली तर?"

हेतू चांगला आहे. पण आत १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा गोपनीयता कायदा आजही लागू आहे. 'रॉ'च्या अधिकारी निशा प्रिया भाटिया यांनी २००७ मध्ये लैंगिक छळाची तक्रार केली. ती नीट हाताळली नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एक लाख रुपये भरपाई देववली, ती २०२० मध्ये. स्वतःच्या गाऱ्हाण्याला तेरा वर्षं लागतात, तिथे एकटी बाई दुसऱ्यांची गुपितं कुठवर फोडणार?

माहिती अधिकार आणला तो बाहेरच्यांनी. राजस्थानात ब्यावरला १९९६ मध्ये गावच्या बाया धरणं धरून बसल्या. २००५ च्या कायद्यात कलम २४ ने गुप्तचर संस्था वगळल्या, तरी भ्रष्टाचाराची आणि मानवी हक्कभंगाची माहिती मागता येते. हक्कभंगाची माहिती आयोगाच्या मंजुरीनंतरच, ४५ दिवसांत.

नोकरी जरूर कर, पोरी. खोट्या कागदावर सही मात्र करू नको. विचारायचं काम आम्ही बाहेरून करू. अर्जाला दहा रुपये लागतात, आणि सोबतीला चार बाया.