आरतीतील अडलेले शब्द

(जीर्णोद्धार व कलशारोहण सप्ताहात केलेले भाषण)



या सप्ताहात विद्वान मंडळींची प्रवचने झाली. त्यांच्यामागून माझ्यासारख्या तहसील कचेरीतील कारकुनाने बोलायला उभे राहावे, हे खरे म्हणजे शोभत नाही. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंत. समितीने मला बोलायला लावले ते विद्वत्तेमुळे नव्हे, तर माझ्या हातून झालेल्या एका चुकीमुळे. ती चूक कशी झाली आणि तिच्या निमित्ताने काय समजले, एवढेच सांगून मी आपली रजा घेणार आहे.

सभामंडपात डाव्या हाताला नवी संगमरवरी शिळा बसविली आहे, ती आपण पाहिलीच असेल. तिच्यावर ‘युगे अठ्ठावीस’ ही विठ्ठलाची आरती कोरली आहे. कोरणाऱ्यास मजकुराची स्वच्छ प्रत करून देण्याचे काम समितीने माझ्याकडे सोपविले. माझे अक्षर बरे आहे आणि नकला करण्यातच हयात चालली आहे, तेव्हा मलाही ते काम तासाभराचे वाटले. आरतीच्या तीन छापील पुस्तिका गोळा केल्या. तिन्हींत मिळून पाच-सहा ठिकाणी मजकूर जुळेना. आणि आपण गावात रोज म्हणतो ती चौथीच!

रखुमाबाईच्या आधी एक शब्द येतो. एका पुस्तिकेत तो ‘राई’ होता, दुसरीत ‘राही’, तिसरीत अक्षर उमटलेलेच नव्हते. लहानपणी मला ही फोडणीतली राई वाटे. देवाच्या आरतीत मोहरी कशाला आली, हे विचारण्याची छाती तेव्हा नव्हती आणि मोठेपणी तो प्रश्न विसरून गेलो. आता मात्र लिहिण्याची वेळ आली. विचार केला की रखुमाई ही आपली आईच. तेव्हा मूळ शब्द ‘आई’ असला पाहिजे. अर्थ लागत होता, चालही मोडत नव्हती. ‘आई’ लिहिले आणि प्रत रवाना केली.

त्याच रात्री घरी सहज मोठ्याने वाचून दाखविली. आमची आत्या ऐंशीच्या पुढची. तिला अक्षरओळख नाही. ती म्हणाली, “आई कुठनं आणलीस रे? राही हाय ती. पंढरपुरात तिचं देऊळ हाय.” मी तिला म्हणालो, “आत्या, छापील पुस्तकांतच घोळ आहे, तिथे तुला काय कळणार?” ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आरतीला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे तर गेली दहा वर्षे दुखत आहेत.

माझ्या मनाला ते लागले. आमच्या कचेरीत कागदावरचा शब्द वाचता आला नाही तर मूळ कागद मागवावा लागतो. नक्कल करणाऱ्याने आपल्या मनाने शब्द घातला तर त्याला जाब द्यावा लागतो. देवाच्या दारी मी तेच केले होते. चौथ्या दिवशी तालुक्याच्या वाचनालयात जाऊन बसलो आणि तेथे येणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांना विचारले. त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी थक्क झालो.

राही म्हणजे राधिका. जुन्या शब्दांतला ‘ध’ लोकांच्या तोंडी पुष्कळदा ‘ह’ होतो. दधीचे दही झाले, बधिराचा बहिरा झाला, गोधूमाचा गहू झाला. तसे राधिकेचे प्राकृतात ‘राहिआ’ झाले आणि मराठीत राही. सातवाहन राजा हाल याच्या नावावर महाराष्ट्री प्राकृतातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह आहे, त्याला गाथासप्तशती म्हणतात. त्यातील एका गाथेत कृष्ण आणि ही राहिआ आहेत. स. आ. जोगळेकरांनी तो ग्रंथ मराठी अर्थासह १९५६ साली छापला; शिक्षकांनी ते पान काढून माझ्यापुढे ठेवले. पंढरपूरच्या मंदिरात रुक्मिणीखेरीज सत्यभामेचे आणि राहीचे अशी लहान देवळे आहेत. मी सहा-सात वेळा वारीला गेलो आहे. गर्दीच्या रेट्यात त्या देवळाजवळून गेलो असेन, पाहिले मात्र नाही. आत्याने पाहिले होते, आणि नाव ध्यानात ठेवले होते.

तसाच कोरणाऱ्याकडे धावलो. ‘आई’ कोरून होऊन तो पुढच्या कडव्यात शिरला होता. संगमरवरावर खाडाखोड होत नाही. त्या भल्या माणसाने तोड सुचविली की शिळा उलटी करू, मागची बाजू घासून तिच्यावर पुन्हा कोरू. तसे केले. त्याची मजुरी मी दिली आहे. समितीच्या जमाखर्चात ती शोधू नये. माझी ‘आई’ आता भिंतीकडे तोंड करून आहे.

आत्याची क्षमा मागितली. ती आरतीला येऊ लागली. मग मला हुरूप आला आणि बाकीचे शब्दही तपासले. आपल्याकडे सगळे ‘सुरवंट्या’ म्हणतात, आत्याही म्हणते. हा शब्द ‘कुरवंड्या’ असा आहे. कुरवंडी म्हणजे ओवाळणी, ओवाळण्याचा दिवा. ज्यांनी चंद्रभागेच्या पात्रात संध्याकाळी द्रोणातून सोडलेले दिवे पाहिले आहेत, त्यांना त्या ओळीचा अर्थ सांगावा लागणार नाही. मी आत्याला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हंजी जन्मभर म्या सुरवंट ओवाळलं का रे बाबा?” आणि पदर तोंडाला लावून हसत बसली. अजूनही ती सुरवंट्याच म्हणते. मी पुन्हा बोललो नाही.

‘हेळा’ या शब्दाशी आपण सगळेच अडखळतो. कोणी होळा म्हणतो, कोणी तो शब्द तोंडातच ठेवतो. हेळा म्हणजे सहज, लीलेने. नुसत्या सहज दर्शनानेही मुक्ती, असा भाव आहे.

आता पहिल्याच ओळीतला शब्द, ‘अठ्ठावीस’. या आकड्यावर समितीच्या बैठकीत दोन तास गेले. काही मंडळी म्हणतात, चार वेद, सहा शास्त्रे आणि अठरा पुराणे मिळून अठ्ठावीस. कीर्तनात हे फार गोड लागते. पण बेरीज जुळली म्हणजे खाते बरोबर, असे आम्ही कचेरीत मानत नाही. वेद-पुराणांची गोष्ट असती तर शब्द ‘युगे’ कशाला? दुसरा अर्थ असा की, आपल्याकडे सत्यनारायणाला भटजी जो संकल्प सांगतात त्यात वैवस्वत मन्वंतरातील अठ्ठाविसावे युग असा उल्लेख येतो. येथे युग म्हणजे चार युगांची चौकडी, म्हणजे महायुग. पुराणांच्या हिशेबाने कृतयुग १७,२८,००० वर्षांचे, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कलियुग ४,३२,०००, एकूण ४३,२०,०००. अशी अठ्ठावीस धरली तर १२,०९,६०,००० वर्षे होतात. पण अठ्ठाविसावे अजून पुरे झालेले नाही, तेव्हा हिशेबात शिल्लक राहतेच. साधी युगे मोजली तर सात चौकड्या, म्हणजे ३,०२,४०,००० वर्षे. मला संकल्पाचा अर्थ पटतो, कारण तोच आकडा आपण घरोघरी पूजेत ऐकत आलो आहोत. तरी मी हा निकाल देत नाही. शिळेवर आकडा आहे तसाच आहे, त्याला कोणाचा धक्का नाही.

ह. भ. प. महाराजांनी मला एक गोष्ट सांगितली. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद माजले होते, तेव्हा शके १५०६ म्हणजे इ. स. १५८४ मध्ये एकनाथ महाराजांनी त्या शुद्ध केल्या. नाथांची योग्यता केवढी! तरी त्यांनी बजावून ठेवले की, यात कोणी आपली ओवी घालू नये; घातली तर ती अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखी होईल. महाराजांनी हे सांगितले तेव्हा माझ्याकडे पाहिले नाही, ही त्यांची कृपा.

एक विनंती करतो. आपल्या गावात जुन्या भजनी मंडळींची घरे आहेत. कोणाच्या माळ्यावर, देव्हाऱ्याच्या खाली किंवा पेटीच्या तळाशी आरत्यांचे जुने हस्तलिखित बाड असेल, तर कृपा करून मला कळवावे. रद्दीत घालू नये आणि वाळवीलाही देऊ नये. मी बाड घेऊन जाणार नाही; आपल्याच ओसरीवर बसून अक्षरास अक्षर नक्कल करून घेईन, आणि न कळलेला शब्द न कळलेलाच ठेवीन. रविवारी आणि सुटीच्या दिवशी मी घरीच असतो.

रामकृष्णहरि.