नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर : एक दुर्लक्षित जबाबदारी



कचेरी पंचायत समितीची असो वा मंत्रालयाची, आवक-जावक लिपिकाचे टेबल तेथे असतेच. येणारा प्रत्येक कागद त्याच्या हातून आत येतो आणि जाणारा प्रत्येक कागद त्याच्याच हातून बाहेर पडतो. अधिकारी कितीही कर्तबगार असोत, नस्त्या कितीही नीट लावलेल्या असोत. बारनिशीचे टेबल बंद पडले की सारी कचेरी बंद पडल्यासारखीच होते. सर्व्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या संगणकात हेच काम नेटवर्क कार्ड करीत असते. तळहाताएवढी एक पट्टी, तिच्या कडेला केबल खोचण्याची दोन किंवा चार तोंडे आणि त्या तोंडांपाशी लुकलुकणारे दिवे, एवढेच तिचे रूप. माहिती जाळ्यातून सलग वाहत नाही. ती लहान लहान पॅकेटांतून, म्हणजे पत्ता घातलेल्या पाकिटांतूनच, ये-जा करते. ही पाकिटे घेणे, तपासणे, फोडणे आणि बांधणे हा या कार्डाचा व्यवसाय होय.

ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली व पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा उतारा महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून मिळू लागला. गावापर्यंत केबल आली, उतारा तयार आहे, तरीही सेवा केंद्रातील खुर्चीवर बसलेल्या शेतकऱ्याला दोन तास पडद्यावरील फिरते चक्र पाहावे लागते, असा प्रसंग पंचायत सदस्यांना नवा नाही. अशा वेळी दोष बहुधा केबलला किंवा केंद्रचालकाला दिला जातो. तो तेथे असूही शकतो. परंतु केबलच्या दुसऱ्या टोकाला, शेकडो किलोमीटरवरील सर्व्हरमध्ये, एक नेटवर्क कार्ड आहे आणि त्या कार्डाच्या पोटात काही कायमच्या आज्ञा लिहिलेल्या आहेत, याची आठवण क्वचितच कोणास होते.

या कायमच्या आज्ञांनाच फर्मवेअर म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ऑप्लर या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये योजला. यंत्राचा कठीण भाग हार्डवेअर, सहज बदलता येणारी आज्ञावली सॉफ्टवेअर आणि या दोहोंच्या मधली, बदलता येईल पण सहजी नव्हे, अशी ती फर्मवेअर. आपल्या लिपिकाच्या टेबलाच्या खणात डकवलेला स्थायी आदेश डोळ्यांसमोर आणला म्हणजे कल्पना स्पष्ट होईल. साहेब बदलले तरी तो आदेश तेथेच राहतो. सर्व्हरची डिस्क नवी बसविली, कार्यप्रणाली नव्याने घातली, तरी कार्डातील फर्मवेअरला त्याचा पत्ताही लागत नाही. ते कार्डावरीलच एका छोट्या स्मृतीत, वीज गेली तरी न पुसणाऱ्या अशा जागी, कायम असते. कार्यप्रणालीच्या बाजूने या कार्डाशी बोलणारी आज्ञावली वेगळी असते. तिला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर नवा आणि फर्मवेअर पाच वर्षांचे जुने, अशी जोडी जमली की नवा अधिकारी व जुना आदेश यांची जी ओढाताण होते तीच येथेही होते.

फर्मवेअरचा नवा मसुदा कार्डात भरणे म्हणजे त्या स्थायी आदेशाचे शुद्धिपत्रक काढणे. शुद्धिपत्रक का निघते, हे शासकीय सेवकांना वेगळे सांगण्याची गरज नाही: मूळ आदेशात चूक राहून गेलेली असते, ती काही काळाने कोणाच्या तरी लक्षात येते.

चूक किती क्षुल्लक जागी लपू शकते याचे एक उदाहरण मुद्दाम विस्ताराने सांगण्याजोगे आहे. इंटरनेटवरून दूरध्वनी चालविणाऱ्या यंत्रांचे काम करणारे अमेरिकेतील क्रिस्टियन कीलहोफनर यांनी फेब्रुवारी २०१३ मध्ये एक विलक्षण अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या नव्या यंत्रांत इंटेलची ८२५७४एल ही नेटवर्क चिप होती. यंत्रे व्यवस्थित चालत आणि मग केव्हातरी जाळ्याशी असलेला संबंध तुटे. यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याच्या नेहमीच्या उपायानेही कार्ड जागे होत नसे. वीज पूर्णपणे तोडून पुन्हा जोडावी लागे. पुष्कळ शोधानंतर असे आढळले की, एका विशिष्ट प्रकारच्या दूरध्वनी यंत्राकडून आलेले एक पाकीट कार्डाला ठार करीत होते. त्या पाकिटात, आरंभाची जागा शून्य धरून मोजल्यास ११५१ व्या जागी, २ हा अंक आला की कार्ड बंद. ३ आला तरी तेच. १ आला तर काहीच होत नसे. आणि ४ आला तर कार्डाला जणू लस टोचली जाई, त्यानंतर घातक पाकीटही त्याचे काही बिघडवू शकत नसे. असे पाकीट बाहेरून मुद्दाम धाडणेही शक्य होते, हे त्यातील अधिक गंभीर. इंटेलने छाननी करून कळविले की दोष चिपच्या रचनेत नसून, एका निर्मात्याने आपल्या बोर्डावर ती बसविताना तिच्या स्मृतीत जो मजकूर भरला त्यात आहे. ज्या यंत्रांत हा चुकीचा मजकूर होता त्यांचा उपायही तोच ठरला: स्मृतीतील मजकूर दुरुस्त करणे. नवे कार्ड नको, नवी केबल नको.

दुसरे प्रकरण सुरक्षेचे. लोइक द्युफ्लो आणि ईव्ह-अलेक्सी पेरेझ या फ्रान्स सरकारच्या माहिती-सुरक्षा संस्थेतील दोघा संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, ब्रॉडकॉमच्या काही नेटवर्क कार्डांवरील दूरनियंत्रणाची एक सोय सुरू असल्यास, केवळ जाळ्यातून पाकिटे पाठवून कार्डाच्या आतील आज्ञावलीचा ताबा घेता येतो. सर्व्हरवरील विषाणू-प्रतिबंधक आज्ञावली डिस्क तपासते, कार्यप्रणाली तपासते. कार्डाच्या पोटात ती सहसा डोकावत नाही. तेथे घुसलेला चोर डिस्क बदलली तरी जागचा हलणार नाही. म्हणूनच अलीकडील अनेक कार्डे निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी असल्याखेरीज नवे फर्मवेअर स्वीकारत नाहीत. सात-बारावरील स्वाक्षरी उतारा खरा असल्याची ग्वाही देते, तशीच ही. जुन्या कार्डांत मात्र ही सोय असेलच असे नाही.

इतके ऐकल्यावर एखाद्या उत्साही अधिकाऱ्याने उद्याच सर्व सर्व्हरांचे फर्मवेअर बदलण्याचा आदेश काढू नये. या स्मृतीला हात लागला की काय होऊ शकते, हे २००८ सालच्या घटनेवरून कळते. त्या वर्षी लिनक्स कार्यप्रणालीच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असताना इंटेलच्या काही नेटवर्क चिपांच्या स्मृतीतील मजकूर बिघडू लागला आणि कार्डे निकामी झाली. संशय साहजिकच त्या कार्डाच्या ड्रायव्हरवर गेला व काही वितरकांनी तो ड्रायव्हर काढून ठेवला. ऑक्टोबर महिन्यात खरा दोषी सापडला. कार्डाशी काडीचा संबंध नसलेली, एफट्रेस नावाची तपासणीची सोय संगणकाच्या स्मृतीत जुन्या पत्त्यांवर दुरुस्त्या करीत हिंडत होती. त्यांपैकी एक जागा दरम्यान रिकामी होऊन कार्डाच्या स्मृतीला दिली गेली होती. घर सोडून गेलेल्या भाडेकरूची नोटीस नव्या बिऱ्हाडाच्या दारावर डकवावी, तसा हा प्रकार. ज्यांनी आपल्या कार्डातील मजकुराची प्रत आधी काढून ठेवली होती त्यांना तो परत भरता येण्याची आशा होती. इतरांची पंचाईत झाली, कारण या स्मृतीत केवळ आज्ञा नसतात. त्या कार्डाचा स्वतःचा ४८ बिटांचा पत्ताही तेथेच असतो आणि तो दुसऱ्या कार्डाच्या मजकुरावरून उतरवून घेता येत नाही.

कार्यालयांत यावर एक सोपे धोरण रूढ आहे: ‘चालते आहे ना, मग हात लावू नका.’ या धोरणात अर्धे शहाणपण निश्चितच आहे. परंतु बरे चाललेले यंत्र आणि अद्याप बंद न पडलेले यंत्र यांतील फरक त्यातून कळत नाही. हात लावायचा की नाही हा निर्णय नस्तीवर टिपणी ठेवून, कारणासह झाला पाहिजे. आज तो बहुतेक ठिकाणी होतच नाही. न घेतलेला निर्णयच वर्षानुवर्षे अमलात राहतो.

कार्यवाही कशी व्हावी

प्रथम नोंद हवी. लिनक्स सर्व्हरवर इथटूल नावाच्या लहानशा आज्ञावलीला विचारले असता कार्डाचा ड्रायव्हर कोणता, त्याची आवृत्ती कोणती व फर्मवेअर कोणते, हे एका क्षणात पडद्यावर येते. जडवस्तू नोंदवहीत सर्व्हरचा अनुक्रमांक लिहिला जातो. त्याच ओळीत ही माहिती लिहिण्यास शाईखेरीज काही खर्च नाही. सायबर घटनेची खबर सहा तासांच्या आत देण्याचे बंधन सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी घातले आहे. ज्या कार्यालयास आपल्या कार्डात काय आहे हेच ठाऊक नाही, त्याचे सहा तास माहिती गोळा करण्यातच संपतील.

दुसरी गोष्ट फर्मवेअर कोठून आणावे याची. तीच चिप निरनिराळे सर्व्हर-निर्माते आपल्या नावाने विकतात आणि प्रत्येकाचे फर्मवेअर थोडे वेगळे असते. म्हणून सर्व्हर ज्या कंपनीचा, तिच्याच अधिकृत ठिकाणाहून ते घ्यावे. सोबत येणारे निवेदन वाचावे. कोणती चूक सुधारली आहे, कोणत्या ड्रायव्हरची जोड आवश्यक आहे आणि पुन्हा जुन्या आवृत्तीवर परतता येते की नाही, हे त्यात लिहिलेले असते. सुधारलेली चूक आपल्या उपयोगाशी संबंधित नसेल आणि ती सुरक्षेचीही नसेल, तर ‘तूर्त बदल नको’ अशी टिपणी लिहून थांबणे हीसुद्धा योग्य कार्यवाही होय.

बदल करण्याचे ठरल्यास एकाच सर्व्हरवर प्रथम करावा व काही दिवस त्याच्याकडे पाहत राहावे. बहुतेक सर्व्हरांना जाळ्याशी जोडणाऱ्या दोन वाटा असतात. एकीवर काम चालू असताना वाहतूक दुसरीवरून न्यावी. येथे एक फसगत वारंवार होते. एकाच कार्डाच्या दोन तोंडांना दोन केबली लावून ‘पर्यायी व्यवस्था आहे’ असे कागदावर लिहिलेले असते. दोन्ही तोंडे एकाच कार्डाची असली तर कार्ड नव्याने सुरू होताना दोन्ही वाटा एकदमच बंद होतात. दोन निरनिराळी कार्डे असतील तरच पर्याय खरा.

नवा मजकूर स्मृतीत उतरण्यास काही मिनिटेच पुरतात. त्या मिनिटांत वीज गेली किंवा कोणी घाईने यंत्र बंद केले तर मजकूर अर्धवट राहतो. काही नव्या कार्डांत जुनी प्रत बाजूला राखून ठेवण्याची किंवा पुनःप्राप्तीची सोय असते, पण तिच्या भरवशावर काम सुरू करू नये. यूपीएसची बॅटरी आदल्या दिवशी तपासावी. काम दूरवरून करावयाचे असेल तर आणखी सावधगिरी हवी, कारण अभियंता ज्या वाटेने आत आलेला असतो तीच वाट तो क्षणभर तोडणार असतो. ज्या फांदीवर बसायचे तीवरच कुऱ्हाड. सर्व्हरची देखरेख करणारा वेगळा मार्ग आहे असे समजून कित्येक जण निर्धास्त असतात. पण पुष्कळ यंत्रांत तो मार्गही याच कार्डाच्या तोंडातून जातो. म्हणून खोलीची किल्ली असलेला माणूस त्या वेळी सर्व्हरपाशी हजर असावा. त्याचे आणखी एक काम असते. काही कार्डांत नवे फर्मवेअर अमलात येण्यासाठी यंत्र नुसते पुन्हा सुरू करून भागत नाही. सर्व्हर बंद दिसला तरी प्लग लावलेला असेतोवर कार्डाला मंद वीज मिळत राहते आणि जुन्या आज्ञा जाग्याच असतात. अशा वेळी प्लग काढून थोडा वेळ थांबावे लागते, आणि सर्व्हरला दोन वीजजोडण्या असल्यास दोन्ही काढाव्या लागतात.

वेळ निवडताना दिनदर्शिका समोर ठेवावी. मार्चअखेर, परीक्षेच्या निकालाचा दिवस, पीक विम्याच्या अर्जांची अखेरची तारीख, हे दिवस वगळावेत. रात्री काम करावयाचे असले तरी सेवा किती वेळ बंद राहील हे तालुक्याच्या व गावाच्या केंद्रांना आधी कळवावे. दहा किलोमीटर चालत आलेल्या माणसाला दारावरची चिठ्ठी वाचायला लावण्यापेक्षा आदल्या दिवशीची दवंडी बरी. काम झाल्यावर पुन्हा इथटूलला विचारून नवी आवृत्ती नोंदवहीत लिहावी, कोणी व कोणत्या आदेशान्वये केले तेही लिहावे आणि जुन्या फर्मवेअरची प्रत त्याच नस्तीत सांभाळावी.

हे सर्व कोणी करावयाचे, हा प्रश्न देखभालीच्या वार्षिक करारापाशी येऊन ठेपतो. पुष्कळ करारांत ‘यंत्रणा चालू ठेवणे’ एवढेच शब्द असतात. फर्मवेअरचा उल्लेख नसतो. मग कंत्राटदार म्हणतो हे माझे काम नव्हे आणि कार्यालय म्हणते आम्हांस त्यातले कळत नाही. पुढील निविदेच्या मसुद्यात एक कलम वाढविले तर हा वाद मिटण्यासारखा आहे. ज्या कार्डांच्या निर्मात्याने शुद्धिपत्रके काढणेच थांबविले आहे, त्यांची यादी त्याच वेळी करून, ती कार्डे बदलण्याची तरतूद पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात मागावी.