चांगला शोषक, चांगला उत्सर्जक



मला ‘उष्णतेचे प्रारण’ या माझ्या विषयावर बोलायला सांगितले आहे. नियम थोडक्यात सांगतो. शून्य केल्व्हिनच्या वर असलेली प्रत्येक वस्तू सतत ऊर्जा बाहेर टाकत असते. मध्ये हवा असो वा पोकळी, ती पोहोचते. सूर्याची ऊब आपल्यापर्यंत येते ती अशीच. १८५९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ किरचॉफने दाखवून दिले की, त्याच तापमानाला आणि त्याच तरंगलांबीला जो पृष्ठभाग चांगला शोषून घेतो, तोच चांगला उत्सर्जितही करतो. मे महिन्यात देवगिरीचा कातळ दिवसभर तापतो आणि सूर्य मावळल्यावरही ऊब देत राहतो. चकचकीत धातूचा पत्रा मात्र फारसे घेत नाही आणि फारसे देतही नाही.

विज्ञान इथे थांबवतो, कारण नागसेनवनात, आपल्या महाविद्यालयाच्या या आवारात, शिरल्यापासून मला माझे जुने वसतिगृहच दिसते आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये हे मिलिंद महाविद्यालय सुरू केले, म्हणून आमच्यासारखी घरातली पहिली शिकणारी पोरे इथवर आली. सत्तरच्या दशकात खोलीत पुस्तक एकच असायचे. ज्याने वाचले त्याने इतरांना समजावायचे, असा शिरस्ता होता; चांगला शोषक तोच चांगला उत्सर्जक, तसेच हे. मला उष्मागतिकी कळली ती कंधारकडच्या एका सीनिअरमुळे; जेवण झाले की तो फरशीवर खडूने आकृत्या काढायचा. याच आवारात डॉ. गंगाधर पानतावणे मराठी शिकवत आणि ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवत. नव्या पोरांचे लिखाण त्यांनी महाराष्ट्रभर पोहोचवले.

म्हणून एकच आग्रह धरतो, आणि पुन्हा पुन्हा धरणार आहे: जे शिकाल ते त्याच आठवड्यात कुणाला तरी शिकवा. परीक्षा झाल्यावर नको, नोकरी लागल्यावर नको. शिकवताना आपले कुठे अडते ते कळते, आणि समोरच्याची भीती जाते. नोट्स कपाटात दडवून ठेवणारी हुशार मुले मी पुष्कळ पाहिली; त्यांचे मला फार वाईट वाटते.

ग्रंथपाल मॅडम, तुम्ही समोरच आहात म्हणून विचारतो, अभ्यासिका रात्री दहापर्यंत उघडी ठेवता येईल का? फळा आणि खडू मी पाठवतो. आणि पहिल्या रांगेतल्या तृतीय वर्षाच्या मुलांनो, प्रथम वर्षाची मुले मागे भिंतीला टेकून उभी आहेत. कार्यक्रम संपला की त्यांची नावे विचारून घ्या.