गाणी कोणी निवडली?

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जुन्या अमेरिकन गाण्यांची संकलने’ हा विषय पाहून काहीजणींना वाटले असेल, पाणी, रेशन, पोटगी सोडून हे मध्येच काय! गाण्यातले मला फारसे कळत नाही, हे आधीच सांगते. पण समाजकार्याचे शिक्षण घेतल्यापासून नोंदी लिहिणे हे माझे रोजचे काम आहे. कोणाचे काय लिहायचे आणि काय गाळायचे, हा प्रश्न केस-पेपर लिहिताना पडतो, तसाच तो गाणी निवडणाऱ्यालाही पडतो.

अमेरिकेच्या दक्षिण भागात गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतरच्या कृष्णवर्णीय पिढ्यांचे गाणे म्हणजे ब्लूज. त्याची नेहमीची घडण साधी. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे. दोनदा ऐकवून तिसऱ्यांदा टोला. १९२० साली मेमी स्मिथ या गायिकेची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी निघाली, हजारोंनी खपली, आणि कृष्णवर्णीय लोकही पैसे देऊन तबकड्या घेतात हे कंपन्यांच्या ध्यानात आले. मग मा रेनी, बेसी स्मिथ, आयडा कॉक्स, क्लारा स्मिथ अशी रांगच लागली. पहिली पाच-सहा वर्षे तबकडीवरचे ब्लूज म्हणजे मुख्यतः बायकांचे ब्लूज. गिटार घेतलेला एकटा पुरुष तबकडीवर ठळकपणे आला तो १९२६च्या सुमारास.

मा रेनीच्या तबकड्या काढणारी पॅरामाउंट कंपनी मूळची विस्कॉन्सिन राज्यातल्या एका खुर्च्यांच्या कारखान्याची. ग्रामोफोनची लाकडी कपाटे बनवता बनवता ते तबकड्यांकडे वळले. (या तबकड्यांत लाख असे, आणि जगाची बरीचशी लाख आपल्याकडच्या छोटा नागपूरसारख्या जंगलभागातून जाई. ती गोळा करणारे आदिवासी हात या कथेत कुठे दिसत नाहीत.)

१९२९नंतरच्या मंदीत धंदा बसला आणि तबकड्या अडगळीत गेल्या. पुढे त्या शोधत हिंडणारे संग्राहक जवळजवळ सगळे गोरे पुरुष होते. त्यांचे ऋण आहेच. हॅरी स्मिथने १९५२ साली फोकवेज कंपनीसाठी ८४ जुन्या गाण्यांचे संकलन केले. गाणारा गोरा की काळा, हे त्याने सोबतच्या पुस्तिकेत मुद्दाम सांगितले नाही. त्या काळच्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. पण बाईचे काय? १९६१ साली कोलंबिया कंपनीने रॉबर्ट जॉन्सनच्या गाण्यांचा संग्रह काढला, त्याच्या नावातच ‘राजा’ आहे. तो ऐकून तरुणांची एक पिढी वाढली. ब्लूज म्हणजे रानोमाळ भटकणारा एकाकी पुरुष, हे चित्र पक्के झाले. झगमगीत कपडे घालून वाद्यवृंदासह तंबूत आणि थिएटरात गाणाऱ्या बायका ‘बाजारू’ ठरल्या, ‘अस्सल’ नव्हेत. जणू पुरुषांच्या तबकड्या कंपन्यांनी धर्मादाय वाटल्या होत्या!

हे चित्र जिने हलवले ती रोझेटा राइट्झ. न्यूयॉर्कची, तीन मुलींची आई, स्त्रीमुक्ती चळवळीतली. रजोनिवृत्तीकडे आजार म्हणून पाहू नका, असे सांगणारे तिचे पुस्तक १९७७ साली आले. मित्रमैत्रिणींकडून दहा हजार डॉलर उसने घेऊन तिने रोझेटा रेकॉर्ड्स ही कंपनी काढली आणि बायकांच्या विस्मृतीत गेलेल्या गाण्यांचे संग्रह काढायला सुरुवात केली. १९८० सालच्या तिच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘मीन मदर्स’. आपण ‘खमक्या बाया’ म्हणू. आयडा कॉक्सपासून बिली हॉलिडेपर्यंत अनेकजणी त्यात आहेत. पुरुषाला हिशेब विचारणाऱ्या, त्याला घराबाहेर काढणाऱ्या, आपली शारीरिक इच्छा न लाजता सांगणाऱ्या. गाणी जुनीच होती. पण एकापाठोपाठ एक ठेवल्यावर ब्लूज गाणारी बाई म्हणजे दारूत बुडालेली दुःखी अबला, ही कल्पना टिकेना.

मला इथे आपले केस-पेपर आठवतात. ‘बाई रडत आली’ हे कागदावर सहज येते. ती नवऱ्याला बाहेर ठेवून, दाराला कुलूप लावून आली, हे क्वचितच येते.

तिचा दुसरा संग्रह रेल्वेच्या गाण्यांचा, ‘विमेन्स रेलरोड ब्लूज’. विसाव्या शतकात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइटसारख्या शहरांकडे गेली. पुरुषांच्या गाण्यात गाडी म्हणजे सुटका. बाईच्या गाण्यात तीच गाडी पुष्कळदा माणसाला घेऊन जाते आणि मागे पोरे, भाडे, उधारी ठेवते. आणि काहीजणी स्वतःच तिकीट काढतात. हा फरक सुटी गाणी ऐकून कळत नाही, शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतो.

१९८७चा ‘जेलहाउस ब्लूज’ मला सर्वांत मोलाचा वाटतो. मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांची ही गाणी, वाद्याविना, नुसत्या गळ्याची. अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी ती १९३६ आणि १९३९मध्ये ध्वनिमुद्रित झाली होती. या बायका तिथे शिवणकाम करत. मॅटी मे थॉमस या कैदी बाईचा आवाज आज आपण ऐकू शकतो, तो कोणीतरी यंत्र तिथवर नेले, नाव लिहून घेतले आणि पन्नास वर्षांनी कोणीतरी ते कपाटातून काढले म्हणून.

आता अडचणीचा प्रश्न. राइट्झ गोरी. कृष्णवर्णीय बायकांची कथा तिने सांगायची का? दलित स्त्रीच्या कथनावर सवर्ण कार्यकर्ती कात्री चालवते तेव्हा आपल्याकडे जे वाद होतात, ते आठवा. माझे मत असे की तिने काम केले हे चांगलेच, पण तिची निवडही निवडच होती. खमकेपणा शोधणाऱ्याला खमकेपणा सापडतो. पुढे कृष्णवर्णीय अभ्यासकांनी हे काम स्वतः केले. डॅफ्नी ड्युवल हॅरिसन यांचे ‘ब्लॅक पर्ल्स’ १९८८ साली आले. १९९८ साली अँजेला डेव्हिस यांनी मा रेनी आणि बेसी स्मिथ यांची गाणी तबकड्या ऐकून शब्दशः उतरवून पुस्तकात छापली. गाळीव काही नाही.

आणि पैसा? बेसी स्मिथने कोलंबियासाठी दीडशेहून अधिक गाणी गायली. मिळाले ते गाण्यागणिक ठोक पैसे, विक्रीवर हक्क नाही. १९३७ साली ती मोटार अपघातात गेली. तिच्या कबरीवर तेहतीस वर्षे दगड नव्हता. १९७० साली तो बसवला गायिका जॅनिस जॉप्लिन आणि वानिटा ग्रीन या दोघींनी. ग्रीनबाई लहानपणी बेसीच्या घरी काम करत. त्याच वर्षी कोलंबियाने बेसीची सगळी गाणी नव्याने बाजारात आणायला सुरुवात केली. कंपनीपाशी गाणी नीट जपलेली होती.

राइट्झ २००८ साली वारली. आज ही गाणी फोनवर फुकटात ऐकू येतात, पण बहुतेक वेळा नुसता आवाज येतो. कोणी गायले, कुठे, कोणत्या साली, वाद्ये कोणाची, ही तिने संग्रहांच्या पाठीवर छापलेली माहिती सोबत येत नाही.

आपल्या मोर्चातल्या गाण्यांच्या पुस्तिका मी येताना पिशवीत घालून आणल्या आहेत. कितीतरी गाण्यांखाली नाव नाही, काहींखाली नुसते ‘पारंपरिक’ छापले आहे. त्यांतली काही रचणाऱ्या बायका आज या खोलीत बसलेल्या आहेत, हे मला माहीत आहे. जेवणानंतर अर्धा तास बसू या. पुस्तिका फिरवते. ज्यांना जे माहीत असेल त्यांनी समासात लिहावे: रचणारीचे नाव, गाव, साल आणि ते गाणे पहिल्यांदा कोणत्या मोर्चात म्हटले ते. पेन्सिल नको, पेनने लिहा.